पक्षीनिरीक्षण मंडळाबरोबर पाच महिने: माघ-फाल्गुनातल्या फेऱ्यांचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी पुण्यातल्या एका स्थानिक पक्षीनिरीक्षण मंडळाची सभासद झाले आणि मार्चअखेरपर्यंत त्यांच्या १४ फेऱ्यांना गेले. त्यांपैकी आठ फेऱ्या फेब्रुवारी आणि मार्च या दोन महिन्यांतल्या होत्या, आणि हे लिखाण मुख्यतः त्या आठ फेऱ्यांविषयी आहे. हिवाळी पाहुणे अजून पुरते गेलेले नसतात, इथल्या पक्ष्यांची विणीची लगबग नुकतीच सुरू झालेली असते आणि पानगळीमुळे झाडे उघडी पडलेली असतात. नवख्या माणसाने सुरुवात करायला यापेक्षा चांगला काळ नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

मंडळाची पद्धत साधी आहे. रविवारी पहाटे सव्वासहाला ठरलेल्या ठिकाणी जमायचे, उजाडता उजाडता चालायला लागायचे आणि साडेनऊपर्यंत फेरी संपवायची. ठिकाणे मोजकीच आहेत: पाषाण तलाव, वेताळ टेकडी, सिंहगडाच्या पायथ्याचे खोरे, मुळा-मुठेवरचा कवडीपाट आणि दोन वेळा भिगवण. त्याच त्याच जागी पुन्हा पुन्हा कशाला नेतात, असा प्रश्न मला सुरुवातीला पडला होता. त्याचे उत्तर कवडीपाटावर मिळाले. नोव्हेंबरमध्ये तिथे चक्रवाकांच्या, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या नारिंगी बदकांच्या, जोड्या पाहिल्या, जानेवारीत त्यांची संख्या वाढलेली दिसली, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी त्याच बंधाऱ्यावर, त्याच फेसाळ, वास मारणाऱ्या पाण्याकडे तासभर पाहूनही फक्त दोन चक्रवाक सापडले. एकेकदा दहा वेगळ्या जागा पाहून हे कळले नसते.

कानाने पक्षी शोधायला शिकवणे ही या मंडळाची सर्वांत मोठी देणगी मी मानते. आमच्या फेऱ्यांचे नेतृत्व करणारे निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे काका म्हणतात, पहिली दहा मिनिटे कोणालाही दुर्बीण उचलू देत नाहीत. फेब्रुवारीत वेताळ टेकडीवर तांबटाचा टुक-टुक-टुक असा एकसुरी आवाज येऊ लागला. मी उजवीकडच्या झाडावर पाहत राहिले, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. काकांनी समजावले की हा पक्षी बोलताना मान इकडून तिकडे वळवतो, त्यामुळे आवाजाची जागा बदलल्यासारखी वाटते. आवाजामागे न धावता निष्पर्ण शेंड्यांवर नजर ठेवावी. आणि खरोखरच एका वाळक्या फांदीच्या टोकावर तो बसला होता: हिरवट अंग, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर फुगणारा गळा. कसब्यातल्या तांबट आळीत माझे आजोळ होते. भांड्यावर पडणाऱ्या हातोडीचा ठेका माझ्या कानांत लहानपणापासून आहे, त्यामुळे हे नाव ज्याने कोणी दिले त्याचा कान किती नेमका होता ते मला त्या सकाळी उमगले.

जांभळ्या सूर्यपक्ष्याचे उदाहरणही असेच आहे. जानेवारीत सिंहगडाच्या खोऱ्यात आम्हाला दिसलेला नर मळकट पिवळसर होता आणि त्याच्या गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक काळपट पट्टा होता. मी त्याला मादीच समजले होते. फेब्रुवारीच्या मध्यावर त्याच वाटेवर दिसलेल्या नराच्या अंगावर गडद पिसांचे चट्टे उमटले होते, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात पांगाऱ्याच्या लाल फुलांवर बसलेला नर उन्हात निळा-जांभळा झळाळत होता. पुस्तकातले शेजारी शेजारी छापलेले दोन चित्रांचे चौकोन आणि ही तीन रविवारांत उलगडलेली गोष्ट यांत फार अंतर आहे. त्याच सुमारास काटेसावर आणि पळस फुलले होते आणि भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवे त्यांवर तुटून पडत होते. त्या एप्रिलपर्यंत मध्य आशियाकडे निघून जातात, म्हणून त्यांना डोळे भरून पाहून घ्या, असे काका प्रत्येक वेळी सांगत.

दुर्बिणीविषयी थोडे लिहिते, कारण यात मी पैसे वाया घालवले. अधिक मोठे दिसेल या समजुतीने मी १०×५० ची दुर्बीण घेतली होती. पहिला आकडा पक्षी किती पट मोठा दिसतो तो, आणि दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दहा पटींत हाताचा कंपही तितकाच मोठा होतो, दिसणारे क्षेत्र सहसा आकसते आणि तासाभराने मान दुखू लागते. मंडळाकडे नवख्यांना वापरायला देण्यासाठी ८×४२ च्या तीन दुर्बिणी आहेत. आता मी तीच वापरते. चष्मा लावणाऱ्यांनी डोळ्यांकडच्या रबरी कडा खाली दुमडाव्यात. हे मला तिसऱ्या फेरीत कोणीतरी सांगितले तेव्हा कुठे पूर्ण वर्तुळ दिसू लागले.

नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर एकत्रितपणे भरल्या जातात. फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटमध्येही आम्ही सहभागी झालो. त्यात एका जागी किमान १५ मिनिटे थांबून दिसलेले पक्षी मोजायचे असतात. मंडळाची शिस्त इथे मला विशेष आवडली. एका झुडपात हलणाऱ्या लहानशा हिरवट पक्ष्यावर बरीच चर्चा झाली, आणि आवाज नीट ऐकू न आल्यामुळे शेवटी यादीत नुसते ‘पर्णवटवट्या’ एवढे गटाचे नावच लिहिले गेले. जातीचे नाव घालण्याचा मोह कोणी केला नाही.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. मार्चमधल्या सिंहगड फेरीला आम्ही ३४ जण होतो. ओढ्यातल्या एका उरल्यासुरल्या डबक्यापाशी टिकेलचा निळा माशीमार आला होता, निळी पाठ आणि नारिंगी छाती असलेला नर. पण तो मागच्या वीसेक जणांना दिसलाच नाही. एका सभासदाने त्याला पुन्हा बोलवण्यासाठी मोबाइलवर त्याचेच गाणे वाजवले. तो नर तत्काळ आला, अस्वस्थपणे या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारू लागला. विणीचा काळ जवळ आलेला असताना नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला हुसकावण्यात त्याची शक्ती जावी, हे मला पाहवले नाही. काकांनी फोन लगेच बंद करायला लावला, परंतु असा नियम फेरीच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवा होता.

भिगवणच्या पहिल्या फेरीत याहून वाईट घडले. तिथल्या उजनी जलाशयाचे पाणी ओसरू लागले की उथळ चिखलपट्टे उघडे पडतात आणि रोहित पक्षी तिथे चोच उलटी बुडवून पाणी गाळत चरतात. आमच्या एका नावेतल्या दोघांनी छायाचित्रासाठी नावाड्याला आणखी जवळ, आणखी जवळ असा आग्रह केला आणि सगळा थवा उठला. दृश्य सुंदर होते यात शंका नाही, पण त्यांचे खाणे आमच्यामुळे थांबले होते. मी मंडळाला सविस्तर पत्र लिहिले. मार्चमधल्या दुसऱ्या फेरीत निघण्यापूर्वीच नावाड्यांशी अंतर ठरवले गेले, आणि थोड्या लांबून का होईना, रोहितांना तासभर निवांत चरताना पाहता आले. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस मात्र तोवर बहुतेक उत्तरेकडे निघून गेले होते.

स्त्रियांसाठी स्वच्छतागृहाची सोय बहुतेक ठिकाणी नाही. मंडळाने वाटेतल्या एखाद्या उपाहारगृहाशी बोलून ठेवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. एका फेरीत १५ पेक्षा अधिक माणसे घेऊ नयेत, हीही मागणी मी लेखी केली आहे.

ज्यांना कमी वेळात मोठी यादी किंवा उत्तम छायाचित्रे हवी आहेत, त्यांची इथे निराशा होईल. तशांनी वेगळा वाटाड्या घेऊन जावे. मी पुढच्या वर्षाची वर्गणी भरली आहे, आणि कवडीपाटाच्या चक्रवाकांसाठी नोंदवहीत ऑक्टोबरपासूनचे रकाने आखून ठेवले आहेत.