चरणजीत सिंग की तबला बीट सायन्स? रातच्या ओलितासाठी कोणता अल्बम

आमच्या मावसभावाने विचारलं, भाऊ, राग अन् इलेक्ट्रॉनिक एकत्र असलेलं काहीतरी सांग, मोबाईलमधी एकच अल्बम मावते. माझ्यासमोर दोनच नावं आली.

पहिला चरणजीत सिंग यांचा १९८२ चा, दहा राग डिस्को ठेक्यावर. हिंदी सिनेमात वाजवणारा माणूस, रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ (बेसची) अन् टीआर-८०८ (ठेक्याची) इलेक्ट्रॉनिक मशिनी घेऊन भैरव, तोडी, मालकंस वाजवतो. दुसरा तबला बीट सायन्स या वादकांच्या गटाचा 'ताला मॅट्रिक्स', २००० चा, त्यात झाकीर हुसेन, सुलतान खान यांची सारंगी अन् बिल लॅसवेल या अमेरिकन बेसवादकाचा डब संगीतासारखा खोल, घुमणारा बेस.

राग ओळखू येण्यात चरणजीतच पुढं, सूर एकदम उघडे, भजनी मंडळातला पेटीवाला पण यमन लगेच धरते. ताला मॅट्रिक्समधी खरा जीव तालात आहे, अन् सारंगी आली की अंगावर काटा येते.

स्पीकरचं मात्र बघा. मी दोन्ही विहिरीवर, स्टार्टरच्या पेटीवर छोटा ब्लूटूथ डबा ठेवून ऐकले, चरणजीत मोटारीच्या आवाजातही साफ, पण लॅसवेलचा बेस त्या डब्यात गायबच, नुसता पत्रा थरथरते. हेडफोन लावला तेव्हा कळलं खाली केवढं काय चालू आहे.

तर ओलित करताना, ट्रॅक्टरवर, जागं राहाले चरणजीत घ्या. हेडफोन असन अन् खाटेवर पडून निवांत ऐकाचं असन, तर ताला मॅट्रिक्स.