बंद इंजिनची बोट वेसाव्याहून कारंज्याला ओढून नेली: खर्च आणि एक हंगाम वापरल्यानंतरचा अनुभव

आमची बोट ४५ फुटी, लाकडी, डोल जाळ्याची (पाण्याच्या ओढीसमोर बांधून ठेवायचं पिशवीसारखं जाळं). जुनं सहा सिलिंडरचं इंजिन पौषात बसलं ते बसलंच. क्रँक गेलेली, ब्लॉकला तडा, त्यामुळे पुन्हा बांधण्यात अर्थ नव्हता. गिअरबॉक्स धडधाकट होता, तो ठेवून इंजिन नवं घ्यायचं ठरलं. त्यासाठी बोट वेसाव्याच्या (वर्सोव्याच्या) खाडीतून उरणजवळच्या कारंज्याच्या एका यार्डात (बोटी दुरुस्त करायच्या जागी) न्यावी लागली. काम झाल्यापासून मेअखेरपर्यंत आणि १ ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर दिवाळीपर्यंत ती धंद्यात आहे. इंजिन कुठलं, केवढ्याला पडलं हे सगळे विचारतात. ओढून न्यायला काय लागलं हे कुणी विचारत नाही, आणि हिशेब कोलमडतो तो तिथेच.

आधी ओढायची गरज आहे का ते बघा. शाफ्ट (इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंतचा दांडा) सरळ असेल, स्टर्न ट्यूब (शाफ्ट बोटीबाहेर जातो ती नळी) चांगली असेल, खालच्या फळ्यांना काम नसेल, तर एखाद्या पक्क्या धक्क्याला भरतीच्या वेळी बोट लावून हायड्राने (चाकांच्या क्रेनने) इंजिन उतरवता-चढवता येतं. आमच्या गल्ल्यांतून हायड्रा आत येत नाही आणि शाफ्टची झीज दिसत होती, त्यामुळे यार्डाशिवाय इलाज नव्हता.

अंतर सुमारे २५ नॉटिकल मैल. वेसावा, वांद्रे, वरळी, मलबार हिल मागे टाकत कुलाब्याच्या प्रॉन्ग्ज दीपगृहाला बाहेरून वळसा, मग हार्बरात शिरून कारंजा. ओढायला आमच्याच संस्थेतल्या एका भाऊबंदाची बोट घेतली. टगवाले (बोटी ओढायचाच धंदा करणारे) पूर्ण दिवसाचं भाडं सांगतात, शिवाय त्यांचं येणं-जाणं आपल्याच अंगावर. इंजिनाच्या किमतीत तो खर्च धरला तर सगळा व्यवहारच आतबट्ट्याचा होतो. भाऊबंदाच्या बोटीला जाऊन-येऊन १३० लिटरच्या आसपास डिझेल लागलं. लिटरला ९० रुपये धरले तर १२ हजारांपर्यंत. एवढंच असतं तर लिहायची गरज पडली नसती.

खरा खर्च भरतीचा आहे. वेसाव्याच्या खाडीच्या तोंडाशी गाळ इतका साचलाय की बंद बोट बाहेर काढायची तर मोठं पाणी हवं. यार्डात बोट स्लिपवर (पाण्यातून वर येणाऱ्या उतारावर) चढवायलाही मोठंच पाणी हवं. म्हणजे उधाणाशिवाय (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीशिवाय) काम होत नाही. आणि डोलवाल्याचा धंदा उधाणावरच असतो: पाण्याला ओढ असेल तर जाळं भरतं, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला) आम्ही तसेही बसून असतो. जो तुमची बोट ओढायला येतो तो त्याच्या कमाईचे दिवस सोडून येतो. त्यामुळे डिझेल आणि चार माणसांची मजुरी देऊन भागत नाही, त्याच्या बुडालेल्या म्हावऱ्याचे पैसे द्यायलाच हवेत. आम्ही ते आधी बोलून घेतले, सगळं मिळून ४० हजारांच्या आसपास गेले. मला ते योग्य वाटतात. नात्यातला आहे म्हणून नुसत्या डिझेलवर बोलावणारे नाखवा (बोटमालक) पाहिलेत, दुसऱ्यांदा त्यांच्या हाकेला कुणी येत नाही.

वेळेचं गणित आमच्या तांडेलाने (बोट चालवणाऱ्याने) बसवलं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे कोकणातलं जुनं माप मुंबईतही चालतं. प्रतिपदेला पाऊण, म्हणजे दुपारी आणि रात्री पाऊण वाजता. हिवाळ्यात रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते, म्हणून मध्यरात्रीच खाडी सोडली. बाहेर मुद्दाम तीन-साडेतीन नॉटच (तासाला तेवढे नॉटिकल मैल) ठेवले. घाई करून पहाटे चारला प्रॉन्ग्जवर पोचलो असतो तर हार्बरातून बाहेर पडणारी ओहोटी छातीवर घ्यावी लागली असती. आम्ही उजाडायच्या सुमारास पोचलो, ओहोटीचा जोर तोवर सरला आणि मग भरतीनेच आत ढकललं. रात्री मतलई (जमिनीवरून येणारा) वारा असतो, समुद्रही शांत. वेगाचा मोह तसाही महागात पडतो, ४ चे ६ नॉट केले की पाण्याचा विरोध सव्वादोन पटीहून जास्त होतो आणि तो सगळा ताण दोरावर येतो.

दोर नायलॉनचा, कारण तो ताणला जातो, झटका खातो. पुढच्या एकाच खुंट्यावर भार न देता दोन्ही बाजूंना फाटा काढून बांधला. काठाला घासतो तिथे गोणपाट, त्यावर जुना रबरी पाइप. लांबी अशी ठेवली की दोन्ही बोटी एकाच वेळी लाटेच्या माथ्यावर येतील. आणखी एक गोष्ट पुष्कळ जण सोडून देतात. बोट ओढली जात असताना पाण्याने पंखा फिरतो, त्याबरोबर शाफ्ट आणि गिअरबॉक्सही. पुष्कळ गिअरबॉक्समध्ये तेलाचा पंप इंजिन फिरलं तरच चालतो, मग बेअरिंगना तेल मिळत नाही आणि रात्रभरात चांगला गिअरबॉक्स जातो. आम्ही कपलिंगच्या (गिअरबॉक्स आणि शाफ्टच्या जोडाच्या) बोल्टमध्ये लोखंडी पट्टी अडकवून शाफ्ट जाम केला. कपलिंग सोडून ठेवायचं असेल तर शाफ्टला क्लँप लावा, नाहीतर तो मागे सरकून सुकाणूवर बसतो. इंजिन बंद म्हणजे चार्जिंगही बंद, त्यामुळे दिव्यांसाठी भरलेली जादा बॅटरी ओढल्या जाणाऱ्या बोटीवर हवीच. तिच्यावर दोन खलाशी आणि हातपंपही हवा.

एवढं सगळं जमून आल्यावर यार्डात स्लिप मोकळी नव्हती. आदल्या आठवड्यात शब्द दिलेला, पण आधीच्या बोटीच्या फळ्या उघड्या होत्या, ती पाण्यात उतरणार कशी? तोंडावरचं उधाण गेलं, पुढचं येईपर्यंत पंधरवडा बोट नांगरावर. राखणदार, खलाशांचं खाणं आणि ऐन हंगामात बुडालेला धंदा. ओढायच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त नुकसान या एका थांब्यात झालं. त्यामुळे सांगतो, निघायच्या दिवशी सकाळी रिकाम्या स्लिपचा फोटो मागवा आणि नवं इंजिन यार्डात येऊन पडल्याशिवाय दोर बांधू नका. बोट एकदा वर चढली की खालची सगळी कामं त्याच फेऱ्यात काढा. आम्ही शाफ्ट, स्टर्न ट्यूबची बुशिंग, पंख्याची दुरुस्ती, तळाचा रंग सगळं तेव्हाच केलं. परत येताना बोट स्वतःच्या इंजिनावर आली, तो खर्च वाचला.

आता वापराबद्दल. अश्वशक्ती जुन्याइतकीच घेतली. आमच्या तळाच्या बोटीला साडेआठ नॉटच्या वर नेणं म्हणजे डिझेल जाळणं, मोठं इंजिन घालून ते बदलत नाही. पूर्वी तासाला १५ लिटरच्या पुढे जायचं, आता १२ च्या आसपास आहे. त्याचं सगळं श्रेय मी इंजिनाला देणार नाही, तळ साफ झाला आणि पंखा नीट झाला त्याचाही वाटा आहे. धूर नाही, थंडीत पहिल्या सेल्फला लागतं.

सर्वांत मोठा फरक थरथरीत पडला. तो अलाइनमेंटमुळे, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आल्यामुळे. स्लिपवर मिस्त्रीने फ्लँज (कपलिंगच्या समोरासमोरच्या चकत्या) जुळवून दिले, पण लाकडी बोट पाण्यात उतरली की अंग बदलते. चार-पाच दिवस पाण्यात राहू दिली आणि पुन्हा फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघितलं: ५ इंची फ्लँजला फट ५ थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागांच्या) आत हवी, वरच्या बाजूला १२ निघाली. पुढच्या पायांखाली पत्रा घालून ती बसवली. स्लिपवरच्या मापावर बोट ताब्यात घेतली असती तर ग्लँड (शाफ्टच्या बाजूने पाणी आत येऊ न देणारा भाग) आणि बेअरिंग दोन्ही पावसाळ्याआधीच गेले असते. फाउंडेशनचे बोल्ट पहिल्या ५० तासांनंतर आवळले, तेव्हा दोन चांगलेच सैल होते.

विम्याचंही बघून ठेवा. हल विम्यात (बोटीच्या विम्यात) वापरल्या जाणाऱ्या इन्स्टिट्यूट टाइम क्लॉजेस नावाच्या छापील अटींमध्ये, रिवाज असेल किंवा अडचणीतली बोट पहिल्या सुरक्षित बंदरापर्यंत न्यायची असेल तेवढं सोडून, बोट ओढून नेऊ नये अशी अट आहे. आधी ठरवून दुसऱ्याची बोट ओढण्यालाही तीच अट. म्हणजे तुमची आणि ओढणाऱ्याची, दोन्ही पॉलिसी उघडून बघायच्या आणि गरज असेल तर कंपनीकडून निघण्याआधी लेखी घ्यायचं. नव्या इंजिनाचा नंबर नोंदणीत चढवायलाही वेळ लागतो. बिल आणि जुन्या इंजिनाच्या नंबर प्लेटचा फोटो यार्डातून निघतानाच घेऊन ठेवा, भंगारवाला प्लेटसकट घेऊन जातो.