गच्ची एकच: बंब बसवायचा की पॅनेल?

सोसायटीच्या सभेत ‘सोलर’ शब्द निघाला की निम्म्या लोकांच्या डोक्यात गरम पाणी असतं, निम्म्यांच्या डोक्यात विजेचं बिल. गच्ची मात्र एकच, आणि टाक्या, लिफ्टची खोली यांनी ती आधीच अडवलेली.

जागेच्या हिशेबात सोलर बंब पुढे. 100 लिटर पाणी 25 अंशांवरून 50 अंशांवर न्यायला साधारण 3 युनिट वीज जाते. चांगल्या उन्हात तेवढं काम दोन चौरस मीटरचा बंब करतो. तेवढ्या जागेतलं पॅनेल दिवसाला दीड-पावणेदोन युनिट देतं. इमारत तीन मजली, घरं मोजकी असतील तर फार खल नको, बंबच घ्या.

उंच इमारतीत गणित फिरतं. गच्चीवरून पार दुसऱ्या मजल्यावर गरम धार येईपर्यंत बादलीभर गार पाणी सोडून द्यावं लागतं. टँकर मागवणाऱ्यांना ते परवडत नाही. बोअरचं पाणी असेल तर नळ्यांत क्षार धरतात. आणि ऐन मे महिन्यात, ऊन सर्वांत कडक असताना, गरम पाणी हवंय कुणाला?

पॅनेलची मे महिन्यातली जादा वीज नेट मीटरमधून (घेतलेली आणि दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) बाहेर जाते आणि पावसाळ्यातल्या बिलात वळती होते. 1 किलोवॉटला सुमारे 100 चौरस फूट बिनसावलीची जागा धरा; वर्षाची सरासरी दिवसाला 4 युनिट. 20 किलोवॉट म्हणजे महिन्याला 2,400 युनिट. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचा मोठा वाटा त्यात निघतो; पार्किंगमधलं चार्जिंग कॉमन मीटरवर असेल तर त्यालाही हातभार. केंद्राच्या 2024च्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे इथे 3,60,000.

अडचण वेगळीच आहे. गरम पाणी रोज सकाळी अंगावर पडतं, कॉमन मीटरची बचत मेंटेनन्सच्या पावतीत हरवते. त्यामुळे मतं बंबाला पडतात. वरच्या मजल्यावरचे तर गळतीच्या भीतीने दोन्हींच्या विरोधात! (वॉटरप्रूफिंग आधी उरकून घ्या, ते बरोबरच बोलतात.)

आठ-दहा मजल्यांच्या इमारतीत माझं मत पॅनेललाच. कोटेशन मागवण्याआधी कॉमन मीटरची बारा महिन्यांची बिलं काढा, आणि डिसेंबरात दुपारी तीनला टाकीची सावली कुठवर येते तेही बघून ठेवा. मे महिन्यात घेतलेल्या मापात ती दिसत नाही.