हिमालयन ४११ साठी लोअरिंग लिंक : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझी उंची ५ फूट २ इंच आणि रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ या मोटरसायकलची सीट जमिनीपासून ८०० मिमीवर. गाडी धावत असताना उंचीचा प्रश्न आठवतही नाही. तो येतो सिग्नलला, उतारावरच्या पेट्रोल पंपावर आणि खडीच्या रस्त्यावर जवळजवळ दोनशे किलोंचे धूड एका पायाच्या चवड्यावर तोलून धरताना. एका महिन्यात दोनदा गाडी उभ्या उभ्या आडवी झाली, तेव्हा मी लोअरिंग लिंक बसवून घेण्याचे ठरवले.

या गाडीचा मागचा मोनोशॉक, म्हणजे एकच शॉकअप, स्विंगआर्मला (मागचे चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याला) थेट जोडलेला नसून मध्ये लिंकेज, म्हणजे जोडपट्ट्यांची रचना असते. तिथली मूळ लिंक काढून वेगळ्या मापाची बसवली की शॉकअपला हात न लावता गाडीचा मागचा भाग खाली येतो. स्प्रिंग सैल करून उंची कमी करण्याचा सल्लाही मला मिळाला होता, परंतु तसे केल्यास सस्पेन्शन प्रत्येक मोठ्या खड्ड्यात तळाला आपटू लागते, म्हणून तो मी मानला नाही. मी घेतलेली लिंक एका स्थानिक कारागिराने बनवलेली असून तिची किंमत २,८०० रुपये पडली. भोके अचूक आहेत, बोल्ट सरळ बसले आणि आठ महिन्यांत कुठेही खडखड आलेली नाही. पावसाळ्यानंतर कडांवर थोडा गंज दिसला, तेवढीच तिच्या घडणीबद्दल तक्रार. बसवताना लिंकेजच्या बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरून घ्यावे; चिखलपाण्यात चालणाऱ्या गाडीत ती बेअरिंग कोरडी पडून जाम होतात आणि एरवी तो भाग कोणी उघडत नाही.

वस्तू चांगली असली तरी ती बसवणे हे एका वस्तूचे काम नाही, हे मला उशिरा कळले. पहिल्या गॅरेजने फक्त मागची लिंक बदलून गाडी हाती दिली. मागचा भाग २५ मिमी खाली आला होता आणि पुढचा होता तिथेच, त्यामुळे हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ लागला आणि हँडल वळणावर आळसावले. त्याहून वाईट म्हणजे साइड स्टँड मूळ लांबीचाच राहिल्याने गाडी जवळजवळ सरळ उभी राहू लागली, आणि सोसायटीच्या आवारात एका संध्याकाळी कोणाचाही हात न लागता ती पलीकडच्या बाजूला पडली. ज्या पडण्यापासून वाचण्यासाठी पैसे मोजले, तेच पुन्हा पदरात आले.

दुसऱ्या मेकॅनिकने फोर्कचे (पुढच्या सस्पेन्शनचे) पाइप टीमधून, म्हणजे हँडलखाली त्यांना धरणाऱ्या क्लॅम्पमधून, १५ मिमी वर सरकवले, साइड स्टँड कापून पुन्हा वेल्डिंग केले, चेनचा ढिलेपणा नव्याने मोजून लावला आणि हेडलाइट खाली केला. तेव्हापासून हँडल पूर्वीसारखे वळते. टीमध्ये पाइप किती सरकवायचे हे मात्र अंदाजाने ठरवू नये. सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर पुढचे चाक वर कशाला घासत नाही, हे आधी तपासून घ्यावे.

तोटे आहेत आणि ते टळणारे नाहीत. मूळचा २२० मिमी ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या तळाचे जमिनीपासूनचे अंतर, त्याच हिशेबाने घटतो. ताम्हिणी घाटात एकट्याने जाताना काही जाणवले नाही. मागे माणूस आणि सामान घेतले, तेव्हा गावातल्या उंच गतिरोधकांवर मधला स्टँड दोनदा घासला आणि एका खोल खड्ड्यात मागचा टायर मडगार्डला आतून लागल्याचा आवाज आला. गाडी मधल्या स्टँडवर चढवणेही जड झाले आहे, कारण खाली आलेली गाडी आता अधिक उचलावी लागते. दगडधोंड्यांच्या वाटांवर जाणाऱ्यांनी किंवा कायम दोघे फिरणाऱ्यांनी ही लिंक घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वॉरंटीत असलेल्या गाडीच्या मालकाने आधी शोरूममध्ये विचारावे.

एक गोष्ट मी उलट्या क्रमाने केली. २५ मिमीनंतरही टाचा टेकत नव्हत्या, म्हणून पुण्यातल्या नाना पेठेत सीट उसवून टाकीजवळचा भाग दोन्ही बाजूंनी अरुंद करून घेतला आणि फोम थोडा उतरवला. मांड्या फाकण्याचे प्रमाण कमी झाल्यामुळे पाय सरळ खाली जातात, आणि त्या अरुंद झालेल्या सीटने जो फरक पडला तो लिंकच्या तोडीचा होता. आधी हेच केले असते तर कदाचित मी कमी मापाची लिंक घेतली असती. आता दोन्ही चवडे पूर्ण टेकतात आणि टाचा बोटभर वर राहतात. मला तेवढे पुरते.

मूळ लिंक तेल लावून कागदात गुंडाळून ठेवली आहे. गाडी विकायची वेळ आली तर ती पुन्हा बसवता येईल. कापलेल्या स्टँडचे मात्र नव्याने पैसे मोजावे लागतील.