जुन्या पिकअपचा हायड्रॉलिक क्लच : काम केल्यानंतरचे आठ महिने

माझी डिझेल पिकअप २००९ची. टोमॅटो-कांदा घेऊन नारायणगाव ते कल्याण, म्हणजे आठवड्यातून तीन-चार वेळा माळशेज घाट. क्लचचं काम करून आठ महिने झाले. जुनी गाडी पोटापाण्यासाठी चालवणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय, कारण मी गरज नसलेल्या मोठ्या खर्चात पडता पडता वाचलो.

सुरुवात रिव्हर्सपासून झाली. सकाळी रिव्हर्स टाकला की खर्र. पेडल दोन-तीनदा पंप केलं की गिअर निमूट पडायचा, म्हणून मी चालढकल केली. मग एकदा घाटात जाम लागला. पहिला टाकून, क्लच दाबून उभा होतो. पाय जागचा हलवला नाही, तरी टाचेखाली पेडल लोण्यात रुतावं तसं बसत गेलं आणि गाडी पुढच्या टेम्पोकडे सरकायला लागली. मागे भरलेले क्रेट. ब्रेकवर उभा राहिलो, इंजिन बंद पडलं, म्हणून निभावलं.

पहिल्या गॅरेजमध्ये मिस्त्री म्हणाले, "दादा, प्लेट गेलीय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." मला ते पटेना. प्लेट झिजली की क्लच घसरतो, इंजिन नुसतं रेस होतं आणि गाडी ओढत नाही. माझी गाडी भरल्या मालाने चढ व्यवस्थित ओढत होती. क्लच पकडत होता, सुटत नव्हता. हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडलपाशीचा मास्टर सिलिंडर तेल दाबतो, ते तेल होजमधून (नळीतून) गिअरबॉक्सपाशीच्या स्लेव्ह सिलिंडरला ढकलतं आणि क्लच सुटतो. त्यात पंप केल्यावर सुधारतोय, म्हणजे दोष तेलाच्या दाबात शोधायला हवा.

ओतूरजवळच्या दुसऱ्या मिस्त्रींनी आधी पेडलच्या वर हात घालून पाहिलं. कोरडं. खालच्या स्लेव्ह सिलिंडरचं रबरी बूट उचललं, तेही कोरडं. क्लचच्या तेलाच्या डबीतलं तेलही कमी झालेलं नव्हतं. मग त्यांनी लवचिक होज गुळगुळीत जबड्याच्या क्लॅम्पने दाबून बंद केला आणि मला पेडल दाबून धरायला सांगितलं. होज बंद असताना पेडल दगडासारखं थांबलं असतं तर दोष खाली. माझं तरीही बसत गेलं. म्हणजे मास्टर सिलिंडरचं सील आतल्या आत दाब सोडत होतं. तेल बाहेर येतच नाही, म्हणून गळती शोधून सापडत नाही. (ही चाचणी बदलायच्याच जुन्या होजवर करा, चांगला होज चिमटून खराब होतो.)

इथे माझी चूक झाली. पैसे वाचवायला मास्टरमध्ये फक्त रबर किट, म्हणजे नवी सीलं, टाकायला लावलं. तीन आठवडेही टिकलं नाही. परत उघडलं तेव्हा सिलिंडरच्या आत नख फिरवलं तर अडकत होतं, इतके ओरखडे. अशा भिंतीवर नवं सील घासून जाणारच. शेवटी मास्टर, स्लेव्ह आणि होज तिन्ही नवे घातले.

नवे भाग बसवताना तेलात शिरलेली हवा काढताना जीव मेटाकुटीला आला. धाकटा भाऊ पेडलवर, मिस्त्री स्लेव्हच्या निपलवर, म्हणजे हवा सोडायच्या स्क्रूवर. दाब, उघड, बंद कर, मग सोड. तासभर झाला तरी पेडल स्पंजसारखं. माझ्या गाडीत स्लेव्ह अशा कोनात बसतो की निपल सगळ्यात वर येत नाही, आणि हवा तर वरच साचते. स्लेव्ह सोडवला, पिस्टन आत दाबून धरला आणि निपल वर करून पकडला. दोन बुडबुडे आले आणि पेडल ताठ झालं.

तिसऱ्या दिवशी वेगळीच तक्रार. गाडी तापली की क्लच घसरायला लागला. मास्टरच्या पुशरॉडला (पेडलपासून पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याला) मोकळी हालचालच ठेवली नव्हती. पिस्टन पूर्ण मागे येत नव्हता, तेलाची परतीची वाट बंद राहायची आणि दाब अडकायचा. साधारण दोन मिलिमीटर मोकळीक दिली, त्यानंतर आजतागायत घसरला नाही.

आठ महिन्यांत एकही बिघाड नाही. पेडल जड होतं तसंच आहे, पण त्याचं मूळ क्लच दाबून धरणाऱ्या स्प्रिंगच्या प्रेशर प्लेटमध्ये आहे, सिलिंडर बदलून ते हलकं होणार नव्हतं. पावसाळ्यापूर्वी क्लचचं तेल बदललं, कारण त्यात ब्रेक ऑइलच असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच, माझ्यात डॉट ३, घालतो. इंजिन ऑइलचा थेंबही जाऊ देत नाही, रबर फुगून निकामी होतं. पातळीबद्दलही एक सांगतो : माझ्या गाडीच्या रचनेत प्लेट झिजते तसं तेल डबीत परत येतं, म्हणून पातळी किंचित चढते. त्यामुळे डबी काठोकाठ भरत नाही, आणि पातळी उतरली तर गळती शोधायला लागतो.

महिन्यातून एकदा भावाला पेडल दाबायला लावून स्लेव्हचा रॉड किती सरकतो ते पट्टीने मोजतो, कमी सरकला तर क्लच पूर्ण सुटत नाही. दुरुस्तीआधी पंप न करता नऊ मिलिमीटर सरकायचा. गेल्या रविवारी चौदा भरला.