क्लिकर की ‘भले’? पिल्लू शिकवताना मी काय निवडलं

पिल्लाला दटावून नाही, खाऊ देऊन शिकवायचं, इथवर तुमचं ठरलंय असं धरून चालतो. खरी अडचण त्यानंतर येते. ‘आत्ता केलंस ते बरोबर’ हे त्याला कळवायचं कशानं? हातातल्या क्लिकरनं, म्हणजे दाबली की ‘टिक’ वाजणाऱ्या छोट्या डबीनं, की तोंडच्या शब्दानं? मी दोन्ही करून बसलोय. आधी सात आठवडे क्लिकर, मग शब्द. तेही एकाच कुत्रीवर, त्यामुळे माझं म्हणणं तेवढ्याच वजनानं घ्या.

कुत्री म्हणजे चिंगी. तासगावकडच्या एका द्राक्षबागेतल्या शेडमध्ये जन्मली, दोन महिन्यांची असताना आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या घरी आली. आई गावठी. बापाचा अंदाज पायांवरून बांधायचा. लांबलचक तंगड्या बघून लोक मुधोळ म्हणतात, आम्हीही नाही म्हणत नाही.

खुणेचा आवाज लागतोच कशाला, हे मला पहिल्या संध्याकाळीच कळलं. चिंगीचं बूड फरशीला टेकलं. मी खूश होऊन खिशात हात घातला, चिकनचा तुकडा चाचपला, काढला, तोवर बाई उठून माझ्या पँटवर दोन पाय ठेवून उभ्या. तुकडा मिळाला तो उडी मारल्याचा. दुसऱ्या दिवशी ती बसायचं सोडून उड्याच मारायला लागली, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. म्हणून बूड टेकल्या क्षणी आवाज, आणि खाऊ मागून सावकाश. मानसशास्त्रज्ञ स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलंड यांनी 1940 च्या दशकात अमेरिकेत हे तंत्र प्रयोगशाळेबाहेर आणलं. डॉल्फिन शिकवणारे शिट्टी वाजवतात ती याचसाठी: उडी हवेत असताना मासा तोंडापर्यंत पोचवणार कसा?

क्लिकरचं कौतुक आधी करतो, कारण ते त्याला लागू आहे. आवाज एकच, छोटा, धारदार. त्याला राग येत नाही. महिनाअखेरीला ऑफिसातून आल्यावर माझा आवाज कसा असतो ते घरच्यांना विचारा. क्लिकर मात्र सकाळी जसा तसाच रात्री. मी दाबला, मुलीनं दाबला, आईनं दाबला, चिंगीला फरक नाही. पहिले दोन दिवस काहीच शिकवायचं नाही, नुसतं टिक आणि तुकडा, टिक आणि तुकडा. तिसऱ्या दिवशी आवाज झाला की मान वळायला लागली. चौथ्या दिवशी बसणं आलं, आठवड्यात पोत्यावर जाऊन आडवं होणं. पुढे शब्दानं शिकवताना मला एवढा वेग मिळाला नाही, हे कबूल करतो.

मग लायटर आडवा आला.

आमचं स्वयंपाकघर बैठकीला लागूनच आहे, मध्ये दारही नाही. सकाळी सहाला बायको चहा टाकते. लायटर जुना, पहिल्या दाबाला कधी पेटत नाही. टिक. टिक. टिक, भप्प. एके दिवशी बघतो तर चिंगी ओट्याखाली ताठ बसलेली, मान वर, शेपटीनं फरशी झाडतेय. तिच्या हिशेबानं तीन तुकडे येणं होतं. बायको पातेल्यात साखर टाकत होती. चिंगीनं थोडी वाट पाहिली, मग उठून माझ्याकडे आली आणि ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मी थकलेल्या पगाराच्या रांगेत पाहिलीय.

आधी आम्ही हसलो. पण दिवसाला चहा चार वेळा, दोन वेळचा स्वयंपाक, वर आईचं पाणी तापवणं. म्हणजे दिवसातून वीसेक वेळा आवाज होणार आणि हाती काही पडणार नाही. आवाजाचा अर्थ ज्या भरवशावर उभा असतो तो भरवसाच पातळ होत गेला. पोत्यावर शांत पडलेली असताना लायटर वाजला की उठून स्वयंपाकघरात. दोनेक आठवड्यांत मी खरा क्लिकर वाजवला तरी ती आधी ओट्याकडे बघायला लागली. मी बटणवाला, मऊ आवाजाचा दुसरा क्लिकर आणला. तो हुबेहूब मुलीच्या बॉलपेनासारखा वाजतो, आणि तिची दहावी होती. शेवटी मी बायकोला भीतभीत सुचवलं, थोडे दिवस काड्यापेटी वापरतेस का. ती म्हणाली, “कुत्रीसाठी आता मी चूल पण मांडू का?” विषय तिथं संपला.

ज्यांच्याकडे इंडक्शन आहे किंवा स्वयंपाकघराला दार आहे, त्यांना हे सोसावं लागणार नाही. ऑटो इग्निशनची शेगडी असेल तर मात्र विचारायलाच नको, ती एका दमात दहादा टिकटिकते.

शब्दावर यायचं ठरलं तरी शब्द सापडणं सोपं नव्हतं. ‘शाब्बास’ लांब आहे. ‘शा’ म्हणेपर्यंत बसलेली उठते. शिवाय आमच्याकडे शाब्बास टोमण्यातच जास्त वापरतात. दूध उतू गेलं, शाब्बास. ‘हां’ छान, आखूड, पण मी फोनवर दिवसभर हां हां करत असतो. तो म्हणजे दुसरा लायटरच झाला असता. आमचे आजोबा ‘लई बेस’ म्हणायचे, त्यावरून ‘बेस’ घेतलं. मला फार आवडलं होतं. पण ‘बस’ म्हटल्यावर ती बसायची आणि ‘बेस’ म्हटल्यावर, आधीच बसलेली असताना, आणखी काय करू अशा चेहऱ्यानं आडवी व्हायची. चार दिवसांत सोडलं. शेवटी ‘भले’ सापडलं. कुस्तीच्या मैदानात डाव बसला की ओरडतात तेच, भले पठ्ठे! तोंडातून फटकन निघतं, आणि घरात दुसऱ्या कुठल्या कामाला कुणी वापरत नाही. त्यालाही क्लिकरसारखंच दोन दिवस नुसतं खाऊशी जोडलं: भले, तुकडा. भले, तुकडा.

शब्दात खोट आहे. माणूस तेवढ्यावर थांबत नाही. मुलगी ‘भले भले गं माझी शहाणी बाई ती’ असं म्हणत सुटते, आणि नेमकं कुठल्या क्षणाचं कौतुक चाललंय ते चिंगीला काय, मलाही कळत नाही. एकदाच म्हणायचं, मग गप्प बसून खाऊ द्यायचा, हे माणसांना शिकवायला कुत्रीपेक्षा जास्त दिवस लागले. आणि आईचं ‘भले’ निवांत येतं, थोडं उशिरा.

पण रस्त्यावर शब्द तो शब्दच. शंभर फुटी रस्त्यावर सकाळी तिला घेऊन निघालो की एका हातात पट्टा, दुसऱ्यात खाऊची पिशवी, समोरून भटक्यांची टोळी येतेय. तिनं त्यांच्याकडे बघून भुंकायच्या आत माझ्याकडे मान वळवली, तो अर्ध्या सेकंदाचा क्षण पकडायचा असतो. क्लिकरच्या दिवसांत त्या वेळी तो हमखास खिशात किल्ल्यांखाली असायचा. ‘भले’ खिशात शोधावं लागत नाही.

खाऊबद्दल एक गोष्ट सांगतोच, कारण ती सांगलीकराला सांगायलाच हवी. बेदाणे नको. मार्केट यार्डात सौदे निघतात, घरोघरी डबे भरलेले असतात, आकारही नेमका शिकवायच्या तुकड्याएवढा, त्यामुळे पाहुण्यांचा हात आपसूक तिकडे जातो. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर याचा नेम नाही. एखाद्याला मूठभर पचतात, दुसऱ्याला थोडेसेही भोवतात. संशय त्यांतल्या टार्टारिक आम्लावर आहे, ते चिंचेतही असतं, म्हणून चिंचेचं काही देऊ नये. भडंगही नाही, त्यात लसूण. आम्ही घरात भाकरीचे वाळवलेले तुकडे आणि बाहेर उकडलेली कलेजी वापरतो, तुकडा हरभऱ्याएवढा, आणि दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यावर जाऊ द्यायचं नाही.

तर तुम्ही काय घ्यावं? एकटे राहत असाल, घर शांत असेल, रोज दहा मिनिटं बसून नीट शिकवायची शिस्त असेल, तर क्लिकर घ्या. मी अडवणार नाही. भित्र्या पिल्लाला तो दचकवतो तेवढं बघा, रुमालात गुंडाळून वाजवा. पण घरात चार माणसं, उघडं स्वयंपाकघर आणि शिकवणं येता-जाता होणार असेल, तर मी आपला शब्दाच्या बाजूनं. आधी क्लिकर घेऊन बसला असाल तरी बिघडत नाही. थोडे दिवस आधी शब्द, लगेच क्लिक, मग खाऊ, असं करायचं आणि मग क्लिक गाळायचं.

माझा क्लिकर टाकून दिलेला नाही. चिंगीची नखं कापायला तो अजून काढतो, गच्चीवर, जिथं लायटरचा आवाज पोचत नाही. एक नख, एक टिक, एक तुकडा कलेजी. तिथं माझा आवाज उपयोगाचा नाही, कारण नख कापताना तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरलेला असतो आणि ‘भले’ कापरं निघतं. खाली आल्यावर बायको चहा टाकते. चिंगी आता अकरा महिन्यांची आहे. लायटर वाजला की उठत नाही, पण एक कान अजून तिकडे वळतो.