यूकेचा बेल्ट, प्रोग्रेसचा बेल्ट की जुना ब्रिटिश हेवीवेट? सुरुवात कुठून करायची

माझा मामेभाऊ नोकरीसाठी लंडनला गेलाय. शाळेत असताना आम्ही दोघं ट्रम्प कार्डं खेळायचो, अंडरटेकर कुणाकडे जातो यावरून रोज भांडणं, आणि रात्री टेन स्पोर्ट्स लावून आवाज बारीक करून रेसलिंग बघायचो, मग आजोबा दारात उभे राहून म्हणायचे, "काय ती नुराकुस्ती बघत बसलायत, झोपा आता." परवा त्याचा मेसेज आला, की एवढा इथे आलोय तर इथलं ब्रिटिश रेसलिंग समजून घ्यावं म्हणतो, पण बेल्ट इतके आहेत की डोकं फिरलं, एकच इतिहास धरून बघायचा तर कुठला धरू? त्याला चार ओळी लिहायला बसलो आणि हे एवढं झालं.

तर बाबा, खरी निवड तिघांत आहे. एक डब्ल्यूडब्ल्यूई या मोठ्या अमेरिकन कंपनीचं युनायटेड किंगडम टायटल, जे पुढे एनएक्सटी यूके टायटल म्हणून ओळखलं गेलं (एनएक्सटी म्हणजे त्याच कंपनीची नव्या पोरांची शाखा). दुसरं प्रोग्रेस नावाच्या लंडनच्या कंपनीचं वर्ल्ड टायटल. तिसरा जुना ब्रिटिश हेवीवेट बेल्ट, आपल्या जन्माच्या आधीचा, शनिवारी दुपारी टीव्हीवर कुस्त्या लागायच्या त्या काळातला. चौथा एक आहे, रेव्हप्रो नावाच्या ब्रिटिश कंपनीचा, पण तो तुझ्यासारख्या तिथे राहणाऱ्यासाठी, त्याच्यावर शेवटी येतो.

आधी एक गंमत सांगतो, कारण माझ्या मते सगळी तुलना तिच्यातच आहे. ज्या बेल्टच्या नावातच युनायटेड किंगडम आहे, त्यावर ब्रिटनच्या राजचिन्हातले सिंह आणि युनिकॉर्न कोरलेले आहेत, तो बेल्ट एका चॅम्पियनकडून दुसऱ्यानं रिंगमध्ये हिसकावून घेतला असं चार वेळा झालं. शिकागो, न्यूयॉर्क, ऑर्लँडो, ऑर्लँडो. चारही अमेरिकेत! ब्रिटनच्या जमिनीवर एकदाही नाही. आणि ज्याच्या नावात वर्ल्ड आहे तो प्रोग्रेसचा बेल्ट वर्षानुवर्षं कॅम्डेनमधल्या इलेक्ट्रिक बॉलरूममध्ये, म्हणजे जिथे एरवी गाण्याचे कार्यक्रम होतात अशा हॉलमध्ये, रविवारी दुपारी उभ्या पब्लिकसमोर इकडचा तिकडे व्हायचा. नाव बघून बेल्ट निवडशील तर फसशील.

आता यूकेचं टायटल. डब्ल्यूडब्ल्यूईच्या ट्रिपल एचनं डिसेंबर 2016 मध्ये लंडनच्या ओटू अरेनात पत्रकार परिषद घेऊन ते जाहीर केलं, आणि 14-15 जानेवारी 2017 ला ब्लॅकपूलच्या एम्प्रेस बॉलरूममध्ये 16 जणांची स्पर्धा झाली. जिंकला कोण, तर डडलीचा टायलर बेट, वय 19, मिशी मात्र पन्नाशीतल्या फौजदारासारखी. फायनलला त्यानं पीट डनला हरवलं. हा पीट डन म्हणजे बोटं मोडणारा, शब्दशः, समोरच्याचा पंजा धरून एकेक बोट उलटं वाकवतो आणि बघणाऱ्याच्या हाताला कळ येते. चारच महिन्यांनी, 20 मे 2017 ला शिकागोच्या टेकओव्हरमध्ये, म्हणजे एनएक्सटीच्या मोठ्या शोमध्ये, त्यानं बेटकडून बेल्ट काढून घेतला. ती मॅच बघच. अमेरिकन पब्लिकमधल्या बऱ्याच जणांना ही दोन पोरं धड माहीत नव्हती आणि मॅच संपेपर्यंत सगळं स्टेडियम उभं, कॉमेंट्रीला जिम रॉस, त्याचा आवाज ऐकला की आपल्याला आपोआप शाळेचे दिवस आठवतात. त्यानंतर डन 685 दिवस चॅम्पियन राहिला. रिंगकडे येताना बेल्ट दातात धरून यायचा, मांजर पिल्लू धरते तसा.

मग 5 एप्रिल 2019 ला न्यूयॉर्कला वॉल्टर आला. तू म्हणशील कोण वॉल्टर, तर आजचा गुंथर, तोच तो, ऑस्ट्रियाचा. आता इथे लोक नाक मुरडतात की ब्रिटिश बेल्ट ऑस्ट्रियनकडे कसा, पण माझ्या मते या टायटलला वजन आलं ते त्याच्यामुळेच. 870 दिवस ठेवला त्यानं. त्याच्याकडे डावपेच फार नाहीत, उघड्या पंजानं छातीवर चापट मारतो, बस्स. पण ती चापट!

31 ऑगस्ट 2019, कार्डिफ, वॉल्टर विरुद्ध टायलर बेट. 42 मिनिटं चालली ही मॅच. बेट जेमतेम 5 फूट 7 इंच आणि समोर हा धिप्पाड गडी, सुरुवातीला बेट हात धरून मनगट पिरगाळायचा प्रयत्न करतो तर वॉल्टर त्याला नुसता हातानं बाजूला सारतो, दारातून पोराला सारावं तसा. पहिली चापट बसते तेव्हा आधी आवाज येतो, मग पब्लिकचा "ओह" येतो, आणि मग बेटच्या छातीवर पंजाचा लाल ठसा उमटलेला दिसतो, त्या क्रमानं. आणि नंतर केव्हातरी हाच बेट त्या अख्ख्या देहाला खांद्यावर आडवा घेऊन गरागरा फिरवतो. मी हे रात्री हेडफोन लावून बघत होतो आणि ओरडलो, बायको उठून आली. हरतो बेटच. पण हरणाऱ्याची एवढी किंमत वाढलेली मॅच मी दुसरी फार पाहिलेली नाही.

ऑक्टोबर 2020 मधली वॉल्टर विरुद्ध इल्या ड्रागुनोव्ह ही त्याच्या उलट. कोविडचे दिवस, लंडनचा रिकामा स्टुडिओ, पब्लिक नाही, त्यामुळे प्रत्येक चापट हाडावर बसल्यासारखी ऐकू येते, थोडं अंगावरच येतं ते. ड्रागुनोव्ह तेव्हा हरला. ऑगस्ट 2021 मध्ये ऑर्लँडोला परत भेटले तेव्हा त्यानं मागून गळा आवळून वॉल्टरला हार मानायला लावली, एवढा मोठा माणूस हातानं मॅट थोपटतोय हे बघताना खरं वाटत नाही. पुढे ड्रागुनोव्हच्या घोट्याला दुखापत झाली, बेल्ट सोडावा लागला, रिकाम्या बेल्टसाठी स्पर्धा लावली ती पुन्हा टायलर बेटच जिंकला, फायनलला त्याचाच जुना जोडीदार ट्रेंट सेव्हन, आणि दिवसांतच, 4 सप्टेंबर 2022 ला, ब्रॉन ब्रेकर या अमेरिकन गड्यानं त्याला हरवून हा बेल्ट एनएक्सटीच्या मुख्य बेल्टमध्ये मिळवून टाकला. खेळ खलास.

म्हणजे हिशोब बघ, पाच वर्षं आणि वर काही महिने, एकूण पाच माणसं, त्यातला पहिला आणि शेवटून दुसरा एकच. ज्याला वेळ कमी आहे त्याच्यासाठी यापेक्षा सोयीचा इतिहास नाही. सात-आठ मॅच बघितल्या की झालं, सुरुवात आहे, मध्य आहे, शेवट आहे. तोटा हा की हे सगळं एका मोठ्या कंपनीनं वरून ठरवून केलेलं आहे आणि ते जाणवतं, मधले कित्येक महिने साप्ताहिक एपिसोडात काहीच घडत नाही. ते एपिसोड सरळ सोड.

प्रोग्रेसचं नेमकं उलटं. तिथे मधल्या मधल्या गोष्टींतच मजा आहे. पहिला शो 25 मार्च 2012, लंडनच्या इस्लिंग्टनमधल्या गॅरेज नावाच्या जागेत, आणि पहिला चॅम्पियन नेथन क्रूझ. आता ऐक, त्याला बेल्ट मिळालाच नाही, काठी मिळाली! म्हणजे राजदंडासारखी, चॅम्पियन ती हातात घेऊन मिरवायचा. इंग्लंडमधल्या लोकांना ते विचित्र वाटलं असेल, पण महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा खांद्यावर घेतलेले पैलवान बघत वाढलेल्यांना काय विचित्र वाटणार, उलट मला तर बेल्टपेक्षा तेच बरं वाटलं. नंतर 2014 मध्ये त्यांनी काठी सोडली आणि इतरांसारखा बेल्ट आणला, असो.

प्रोग्रेसमधली बघायची गोष्ट एकच सांगायची तर जिमी हॅवॉक आणि विल ऑस्प्रे. हॅवॉककडे ते टायटल 24 नोव्हेंबर 2013 ला आलं आणि 609 दिवस राहिलं. खलनायक असा, की त्याच हॉलमधलं पब्लिक महिनोन्महिने त्याला शिव्या घालायला तिकिट काढून यायचं. आणि 26 जुलै 2015 ला ऑस्प्रेनं, तेव्हा 22 वर्षांचा पोरगा, त्याला हरवलं. यूकेच्या टायटलचे 685 आणि 870 दिवस मोठे दिसतात, पण मधे बेल्ट टीव्हीवर दिसायचा आणि गायब व्हायचा, हॅवॉकचे 609 दिवस त्याच त्या माणसांनी उभं राहून सोसले होते, त्यामुळे ऑस्प्रे जिंकतो तेव्हाचा आवाज वेगळा आहे. गावच्या जत्रेतल्या फडात बाहेरचा पैलवान तीन वर्षं मैदान मारून नेतो आणि मग गावातलंच पोरगं त्याला चितपट करतं, तेव्हा फेटे उडतात ना, तसं.

आणि दोन्ही बेल्ट एकमेकांत गुंतलेले आहेत हेही लक्षात ठेव. 2017 च्या उन्हाळ्यात पीट डनकडे दोन्ही होते, यूकेचा आणि प्रोग्रेसचा. प्रोग्रेसचा त्यानं 10 सप्टेंबर 2017 ला अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये ट्रॅव्हिस बँक्सकडे घालवला. पुढे पुढे डब्ल्यूडब्ल्यूईनं चांगली चांगली पोरं करारात बांधून घेतली आणि छोट्या कंपन्यांची हवा गेली, असं माझं मत आहे, न पटणारेही पुष्कळ भेटतील.

एक कडू गोष्टही सांगायला पाहिजे. जून 2020 मध्ये ब्रिटिश रेसलिंगमध्ये स्पीकिंग आउट नावाची लाट आली, छळ आणि लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी कित्येकांविरुद्ध बाहेर आल्या, खासदारांच्या एका गटानं या धंद्यावर 2021 मध्ये अहवालही काढला. 2012 ते 2020 मधलं ब्रिटिश रेसलिंग बघताना, कुठल्याही कंपनीचं, काही चेहरे समोर आले की मजा जाते. ते तुझं तू ठरव, पण माहीत असावं.

आता जुना ब्रिटिश हेवीवेट. हा सलग बघताच येत नाही, हे आधीच सांगतो. बर्ट असिराटी, विगनच्या स्नेक पिट तालमीतला बिली जॉइस, अल्बर्ट वॉल, ग्विन डेव्हिस, टोनी सेंट क्लेअर, जायंट हेस्टॅक्स, ही नावं ओळीनं येतात, पण बऱ्याच लढती गावोगावच्या टाउन हॉलमध्ये झाल्या, टीव्हीवर आल्याच नाहीत. शिवाय प्रमोटरांची आपसांत भांडणं, एक म्हणतो चॅम्पियन हा, दुसरा म्हणतो तो, आपल्याकडे कुस्तीच्या दोन परिषदा दोन वेगळे केसरी करतात तसंच. तरी मी तुला त्यातल्या दोन-तीन मॅच बघ म्हणेन, चॅम्पियनसाठी नाही, नियमांसाठी. 1940 च्या दशकाच्या शेवटी लॉर्ड माउंटएव्हन्सच्या समितीनं हे नियम घालून दिले. पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या, मधे विश्रांती, तीनपैकी दोन फॉल मिळवायचे, म्हणजे समोरच्याला दोनदा चीत करायचं किंवा हार मानायला लावायचं, वजनगट ठरलेले, जास्त आगाऊपणा केला तर पंच जाहीर वॉर्निंग देणार आणि तिसऱ्या वॉर्निंगला बाद. पडलेल्या माणसाला उठायला दहापर्यंत मोजून वेळ द्यायचा. हे बघितलं की आजोबांची नुराकुस्तीची तक्रार थोडी मवाळ होईल, कारण निकाल ठरलेला असला तरी पकड सुटते कशी, मनगट फिरवून माणूस बाहेर येतो कसा, ते सगळं अस्सल तालमीतलं आहे. आयटीव्हीवर 1955 पासून 1988 पर्यंत हे चाललं, त्यातली 1965 ते 1985 ही वर्षं वर्ल्ड ऑफ स्पोर्ट कार्यक्रमात शनिवारी दुपारी चारला, केंट वॉल्टनची कॉमेंट्री. शेवटी शेवटी सगळं बिग डॅडी आणि जायंट हेस्टॅक्स या दोन महाकाय पोटांभोवती फिरायला लागलं, 1981 मध्ये वेम्बली अरेनातली त्यांची गाजलेली लढत तीन मिनिटंसुद्धा चालली नाही. ती बघू नकोस. हलक्या वजनाचे बघ, जॉनी सेंट बघ. हाच जॉनी सेंट म्हातारपणी एनएक्सटी यूकेचा जनरल मॅनेजर म्हणून पडद्यावर यायचा, मला आधी वाटलं कोणीतरी रिटायर्ड हेडमास्तर बसवलेत.

आणि जुन्या फेऱ्यांचा प्रकार हवा पण चित्र स्वच्छ हवं, तर एनएक्सटी यूकेनंच 2020 मध्ये हेरिटेज कप काढला, तीन-तीन मिनिटांच्या सहा फेऱ्या, दोन फॉल. तो पहिल्यांदा स्पेनचा ए-किड जिंकला. जुन्या नियमांची तोंडओळख तिथूनच कर, मग मागे जा.

मधेच आठवलं म्हणून, ब्रिटिश बेल्ट परक्याकडे गेला की कुरकुर करणाऱ्यांना सांग, 10 सप्टेंबर 1910 ला लंडनच्या व्हाइट सिटीत जॉन बुल बेल्टसाठी आपला गामा पोलंडच्या झ्बिस्कोशी लढला होता. झ्बिस्को मॅटला चिकटून पडून राहिला, अडीच तास उलटून गेले तरी निकाल नाही, आठवड्यानं परत लढत ठेवली तर तो आलाच नाही. बेल्ट गामाला. ही अर्थात नुराकुस्ती नव्हती.

आता तुझ्यापुरतं. तू एकटा खोलीवर बसून लॅपटॉपवर बघणार असशील तर यूकेचं टायटल, शिकागो 2017 पासून धर, कार्डिफ चुकवू नको, ऑर्लँडो 2021 ला थांब, ब्रेकरवाली मॅच नाही बघितली तरी चालेल. त्यातून चटक लागली तर प्रोग्रेसमधून फक्त हॅवॉकचा काळ. जुनं मधूनमधून, जेवताना.

पण तू लंडनमध्ये आहेस, आणि म्हणून मी खरं तर रेव्हप्रो म्हणेन. त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रिटिश हेवीवेट बेल्ट अजून चालू आहे, तो विल ऑस्प्रेकडे होता, झॅक सेबर ज्युनियरकडे चार वेळा, मधे सुझुकी, इशी, शिबाता असे जपानी घेऊन गेले आणि परत आणावा लागला. 14 फेब्रुवारी 2020 ला ऑस्प्रेनं सेबरला हरवलं ते बेथनल ग्रीनच्या यॉर्क हॉलमध्ये. 1929 ची इमारत, मुळात बॉक्सिंगसाठी गाजलेली, साधारण बाराशे लोक मावतात, रिंग जवळ. कार्डिफची चापट मी हेडफोनवर ऐकली, तुला ती लाकडी बाल्कनीतून ऐकता येईल. तिकिट काढलंस की मला फोटो टाक, आणि आजोबांना सांगू नकोस.